प्रेस नोट छापून का येत नाही? जनसंपर्क लेखनाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही जनसंपर्क लेखनाबद्दल प्रश्न मागवले होते, म्हणजे प्रेस नोट, निवेदन, खुलासा, कार्यक्रमाची बातमी, जे काही संस्थेच्या किंवा कंपनीच्या वतीने लिहावं लागतं त्याबद्दल. पत्रं वाचताना लक्षात आलं की एजन्सीत नोकरी करणाऱ्यांपेक्षा वाचनालयाचे चिटणीस, शाळेतले शिक्षक, छोटे दुकानदार अशीच मंडळी जास्त आहेत, ज्यांच्याकडे हे काम 'तुझं मराठी चांगलंय, तूच लिही' म्हणून आलंय. त्यांना शिकवणारं कुणी नसतं, म्हणून उत्तरं मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिली आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाची चिटणीस आहे. प्रत्येक कार्यक्रमाची प्रेस नोट आम्ही सगळ्या पेपरांना पाठवतो पण छापून येत नाही, आली तर दोन ओळी. सोबत शेवटची नोट जोडतेय. कुठे चुकतं ते स्पष्ट सांगा.

उत्तर : ताई, नोट सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. तिची सुरुवात अशी आहे : 'येथील सार्वजनिक वाचनालयाच्या शतकमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित ग्रंथप्रदर्शनाचा उद्घाटन सोहळा मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला.' मग अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. आणि अगदी शेवटी, जाता जाता, असं लिहिलंय की वाचनालयातली स्वातंत्र्यापूर्वीची पुस्तकं आणि मासिकांचे अंक स्कॅन करून झालेत आणि आता ते कुणालाही वाचनालयात येऊन कॉम्प्युटरवर फुकट वाचता येतील. अहो, बातमी तीच आहे! तुमच्या गावात शंभर वर्षं जपलेला ठेवा सगळ्यांसाठी खुला होतोय आणि ही गोष्ट दीपप्रज्वलनाच्या खाली दडून बसलीय.

मी बरीच वर्षं पेपरच्या जिल्हा डेस्कवर, म्हणजे जिल्ह्यातून आलेल्या बातम्या निवडून छापायला तयार करतात तिथे, काम केलंय. संध्याकाळी उपसंपादकाकडे तालुक्या-तालुक्यातून आलेल्या नोटांचा ढीग असतो, पानं छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते, आणि तो प्रत्येक नोटेच्या पहिल्या दोन ओळी वाचतो, त्यात काही सापडलं तर पुढे जातो. 'मोठ्या उत्साहात संपन्न' हे त्या ढिगातल्या जवळजवळ प्रत्येक नोटेत असतं, त्यामुळे त्यातून त्याला काहीच कळत नाही. समजा तुमची पहिली ओळ अशी असती :

'अमुक गाव, ता. १४ : येथील सार्वजनिक वाचनालयाने आपल्या संग्रहातील स्वातंत्र्यपूर्व काळातील पुस्तके आणि मासिके स्कॅन केली असून सोमवारपासून ती कोणालाही वाचनालयात मोफत वाचता येतील. त्यासाठी सभासद असण्याची अट नाही.'

यात कोण, काय, कुठे, कधी हे सगळं आलं, आणि वाचणाऱ्याला आपण काय करू शकतो तेही कळलं. दुसऱ्या परिच्छेदात किती पुस्तकं, सगळ्यात जुनं कुठलं, स्कॅनिंग कुणी केलं, खर्च कुठून आला. तिसऱ्यात एखाद्या शिक्षकाचं किंवा अभ्यासकाचं म्हणणं, की या अंकांचा आपल्याला काय उपयोग आहे. त्यानंतर कार्यक्रम, पाहुणे, नावं. हा क्रम असा ठेवायचा कारण जागा कमी पडली की डेस्कवर बातमी खालून कापतात. पत्रकारितेच्या वर्गात याला उलटा पिरॅमिड म्हणून शिकवतात. तुमची नोट खालून कापली गेली तेव्हा पहिली गेली ती खरी बातमी, आणि उरलं ते 'उत्साहात संपन्न'.

आता नावांचं. मला माहितीय की ही यादी तुम्ही हौसेने लिहीत नाही, कार्यकारिणीतल्या एकाचं नाव राहिलं तर पुढच्या मीटिंगला काय होतं ते तुम्हालाच भोगावं लागतं. त्यावर उपाय असा की नावांची पूर्ण यादी नोटेच्या शेवटी 'उपस्थित' म्हणून द्या, ती छापायची की नाही हे पेपर ठरवेल, आणि त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांची नावं घेऊन फोटोसकट आभाराचा मेसेज टाका. माणसांचा मान त्या मेसेजमध्ये राखला जातो, मग बातमीच्या पहिल्या ओळीवर तो बोजा राहत नाही.

बाकी काही व्यवहाराच्या गोष्टी. नोट एका पानाच्या आत, अडीचशे-तीनशे शब्द पुरे. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर नीट दिसतं त्या मराठीत, टाइप करून थेट ईमेलच्या मजकुरात पेस्ट करा. लेटरहेडवर प्रिंट काढून त्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, कारण मग डेस्कवर कुणाला तरी ते सगळं पुन्हा टाइप करावं लागतं आणि गर्दीच्या वेळी ते होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर नुसती चिन्हं होऊन उघडते. ईमेलच्या विषयात 'प्रसिद्धीसाठी' एवढंच न लिहिता बातमीच लिहा. खाली अशा माणसाचा नंबर द्या जो त्या संध्याकाळी फोन उचलेल. आणि कार्यक्रम झाला त्याच दिवशी पाठवा, तीन दिवसांनी पाठवलेली नोट कितीही चांगली असली तरी शिळी असते. फोटो पाठवलात तर फोटोओळ लिहा, डावीकडून कोण कोण आहेत ते पूर्ण नावांसकट, कारण नावं नसलेला फोटो डेस्कला वापरता येत नाही.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी ऑफिसचं काम बघतो. प्रेस नोटमध्ये अध्यक्षांचं वाक्य मलाच लिहावं लागतं. दुसऱ्याच्या तोंडी वाक्य घालणं बरोबर आहे का, आणि ते चांगलं कसं लिहायचं?

उत्तर : लिहून देणं बरोबर आहे, पण ज्याच्या नावावर ते वाक्य जाणार त्याने ते छापायच्या आधी वाचलेलं आणि 'हो, हे माझं म्हणणं आहे' असं सांगितलेलं असलं पाहिजे. हे काटेकोर पाळा, अध्यक्ष कितीही घाईत असले तरी, फोनवर वाचून दाखवा पण दाखवा.

चांगलं कसं लिहायचं, तर लिहूच नका, ऐका. कंपनीच्या नव्या कोल्ड स्टोरेजबद्दलची जी नोट तुम्ही पाठवलीत तिच्यात अध्यक्ष म्हणतायत, 'शेतकऱ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कंपनी कटिबद्ध आहे.' असं कुठलाही माणूस गप्पा मारताना बोलत नाही. त्यांच्याबरोबर दहा मिनिटं बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा की कोल्ड स्टोरेज कशाला बांधलं, आधी काय व्हायचं. ते कदाचित असं सांगतील : 'व्यापारी बागेत यायचा, द्राक्षं काढणीला आलेली बघायचा आणि भाव पाडायचा, कारण त्याला माहीत होतं आम्ही थांबू शकत नाही. आता आम्ही थांबू शकतो.' झालं, हेच वाक्य. यात कारण आहे, आधीची अडचण आहे, आणि माणसाचा आवाज आहे. स्टोरेजची क्षमता किती टन, खर्च किती, ही माहिती कोटमध्ये, म्हणजे त्यांच्या तोंडच्या वाक्यात, घालू नका, ती तुमच्या मजकुरात द्या. कोटचं काम वेगळं असतं, जे आकड्यातून कळत नाही ते त्यातून कळलं पाहिजे, का केलं, काय वाटतं, पुढे काय करणार. आणि एका नोटेत दोनच कोट पुरेत, त्यातला एक शक्यतो सभासद शेतकऱ्याचा घ्या. अध्यक्षांना समजावून सांगा की त्या शेतकऱ्याच्या वाक्याने कंपनीवर जेवढा विश्वास बसेल तेवढा त्यांच्या स्वतःच्या वाक्याने बसणार नाही.

प्रश्न : मी पुण्यात पत्रकारितेचा कोर्स करतेय. पीआर, म्हणजे जनसंपर्क, हे स्पेशलायझेशन घेऊ का असा विचार चाललाय, पण मित्रमैत्रिणी म्हणतात पीआर म्हणजे पगार घेऊन खोटं बोलणं. हे कितपत खरं आहे?

उत्तर : हा आरोप या धंद्याइतकाच जुना आहे आणि त्याला कारणंही खरी आहेत. एकाच माणसाच्या दोन गोष्टी सांगतो, त्यातून तुझं तूच ठरव.

अमेरिकेत आयव्ही ली नावाचा एक माणूस होता, आधी पत्रकार, मग कंपन्यांसाठी प्रसिद्धीचं काम करणारा. त्या काळात रेल्वेचा अपघात झाला की कंपन्या बातमी दाबायच्या, पत्रकारांना जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. २८ ऑक्टोबर १९०६ ला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडशी संबंधित मार्गावरची इलेक्ट्रिक गाडी पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून जास्त माणसं गेली. ली तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं काम बघत होता. त्याने काय झालं याचं निवेदन कंपनीकडूनच काढायला लावलं आणि पत्रकारांना जागेवर नेण्याची सोयही केली. ते निवेदन न्यूयॉर्क टाइम्सने जवळजवळ जसंच्या तसं छापलं, आणि आजही जगातली पहिली प्रेस नोट म्हणून बहुतेक ठिकाणी त्याचंच नाव घेतलं जातं. त्याच वर्षी त्याने वर्तमानपत्रांना आपली तत्त्वं लिहून पाठवली होती, त्याचा सारांश असा : आम्ही छुपं काम करत नाही, सगळं उघड आहे. आमचा मजकूर अचूक असतो. आणखी माहिती हवी असेल तर ताबडतोब देऊ, तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर मदत करू. आणि आमचा मजकूर खरं तर जाहिरात विभागाकडे जायला हवा होता असं वाटलं तर तो वापरू नका. मला विचारशील तर चांगल्या जनसंपर्क लेखनाचं जवळजवळ सगळं सार यात आहे.

आता दुसरी गोष्ट. एप्रिल १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपावर असलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका आणि लहान मुलंसुद्धा मेली. खाण कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यात होती. कंपनीची बाजू मांडायला त्यांनी ज्याला बोलावलं तो हाच आयव्ही ली. त्याने काढलेल्या पत्रकांमध्ये कामगार पुढाऱ्यांना मिळणाऱ्या पैशांचे आकडे चुकीचे, फुगवलेले होते. नंतर सरकारी चौकशी आयोगापुढे त्याला विचारलं की ही माहिती तपासली होती का, तेव्हा कळलं की कंपनीच्या लोकांनी जे दिलं ते त्याने तसंच छापलं होतं. तत्त्वं लिहून ठेवणारा माणूसही तोच होता, आणि एवढ्या मोठ्या शोकांतिकेत ती न पाळणाराही तोच. त्याचं नाव त्यानंतर कधी पूर्ण स्वच्छ झालं नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की पगार घेऊन एका बाजूची माहिती मांडणं हे खोटं बोलणं नाही, वकीलही तेच करतो, पण आपल्या हातात आलेली माहिती न तपासता पुढे सरकवणं हे मात्र खोट्याच्या अगदी शेजारी आहे. तू हे क्षेत्र घे, जरूर घे, तुझ्यासारख्या हा प्रश्न पडणाऱ्या मुली इथे हव्या आहेत. फक्त पहिल्या नोकरीपासून एक सवय लाव, नोटेतल्या प्रत्येक आकड्यासमोर समासात लिही की हा कुणी दिला आणि मी तो कशावरून तपासला. ज्या आकड्यासमोर काही लिहिता आलं नाही तो काढून टाक. बॉस रागावला तरी काढ. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही या व्यावसायिकांची संस्था १९५८ पासून आहे, तिची आचारसंहिता आहे, तीही वाचून ठेव.

प्रश्न : कोल्हापुरात आमची मिठाईची तीन दुकानं आहेत. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने पेढ्याला बुरशी आल्याचा व्हिडिओ टाकला आणि तो शहरभर फिरला. धाकट्या भावाने फेसबुकवर लिहिलं, 'हा आमच्या बदनामीचा कट आहे, संबंधितांवर कायदेशीर कारवाई करू.' त्यावर लोक आणखी चिडले. अशा वेळी काय लिहायला हवं होतं?

उत्तर : दादा, तुमच्या भावाचा संताप समजू शकतो, वर्षानुवर्षांचं नाव आहे आणि एका मिनिटाच्या व्हिडिओने ते गेल्यासारखं वाटतं. पण त्या वेळी वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, मी काल तिथून नेलेला पेढा पोरांना देऊ का नको. तुमच्या पोस्टमध्ये त्याचं उत्तर नव्हतं, उलट तक्रार करणाऱ्यालाच धमकी होती, म्हणून ज्यांनी व्हिडिओ बघितलाही नव्हता त्यांनी तो शोधून बघितला.

अशा निवेदनात क्रमाने एवढं हवं : काय कळलंय, लोकांनी आत्ता काय करायचं, आम्ही काय करतोय, पुढची माहिती कधी देऊ. साधारण असं :

'आमच्या अमुक शाखेतून घेतलेल्या पेढ्यांना बुरशी असल्याचा व्हिडिओ आम्ही पाहिला आहे. या ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. ता. ३ आणि ४ ला या शाखेतून पेढे घेतले असतील तर कृपया खाऊ नका, बिल असो वा नसो, परत आणून द्या, पूर्ण पैसे मिळतील. त्या दोन दिवसांचे उरलेले पेढे आम्ही तिन्ही दुकानांतून काढून घेतले आहेत आणि नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत दिले आहेत. उद्या संध्याकाळी ६ वाजता इथेच पुढची माहिती देऊ.' खाली मालकाचं नाव आणि चालू असलेला फोन नंबर.

यात काय नाही ते बघा. 'आमचा माल शंभर टक्के शुद्ध असतो' नाही, कारण रिपोर्ट यायच्या आधी ते तुम्हालाही माहीत नाही. 'गिऱ्हाइकाने नीट ठेवला नसेल' नाही, ते खरं असेलही, पण तपासणी व्हायच्या आधी ते म्हटलं की जबाबदारी झटकल्यासारखं दिसतं. गिऱ्हाइकाचं नाव नाही, त्याला तुम्ही पोस्ट टाकण्याआधी स्वतः फोन करायचा. आणि जे काम अजून झालेलं नाही ते 'केले आहे' म्हणून लिहायचं नाही, आधी पेढे काढा, मग तसं लिहा. एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही 'बेस्ट बिफोर'ची तारीख लावायला सांगितलीय, ती तुमच्या दुकानात लागलेली होती का हे आधी बघा, कारण पहिला पत्रकार तेच विचारेल.

मोठ्या कंपन्यांनाही हे कळायला वेळ लागतो. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कारवाई सुरू केली. कंपनीचा सुरुवातीचा सूर असा होता की कारखान्यातून माल चांगला निघतो, दुकानात साठवणूक नीट होत नसेल. त्यावर वेष्टनाचं काय, हा प्रश्न आला, वाद पेपरात रंगला आणि सणाच्या दिवसांत विक्री घसरली. वातावरण बदललं ते नंतर, जेव्हा कंपनीने 'प्रोजेक्ट विश्वास' नावाने दुकानदारांना साठवणुकीबद्दल शिकवायला सुरुवात केली, २००४ च्या सुरुवातीला जाड, सीलबंद वेष्टन आणलं आणि मग अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिराती केल्या. माझ्या मते यातला क्रम महत्त्वाचा आहे, वेष्टन बदललं नसतं तर नुसत्या जाहिरातीने फार काही झालं नसतं. याच्या उलट १९८२ चं शिकागोचं उदाहरण. टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं मेली. दोष कंपनीचा नव्हता हे लवकरच दिसायला लागलं होतं, तरी ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना सांगितलं की गोळ्या घेऊ नका, आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. चूक कुणाची हे ठरण्याआधी त्यांनी लोकांच्या जिवाचं बघितलं, आणि म्हणूनच नव्या तिहेरी सीलच्या बाटलीत तीच गोळी आली तेव्हा लोकांनी ती पुन्हा घेतली.

आता तुम्ही करायचं काम म्हणजे भावाची ती पोस्ट गुपचूप डिलीट करू नका, लोकांकडे स्क्रीनशॉट आहेत. नवीन निवेदनात सरळ लिहा की आधीची पोस्ट रागाच्या भरात टाकली होती आणि ती मागे घेतोय. तिन्ही दुकानांतल्या काउंटरवरच्या पोरांना हेच शब्द आधी वाचून दाखवा, कारण बहुतेक गिऱ्हाइकं फेसबुकवर नाही, काउंटरवर विचारतात. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला की जसा असेल तसा लावा. आणि सहा वाजता सांगतो म्हटलं असेल तर सहा वाजता सांगा, रिपोर्ट आला नसेल तर 'अजून आला नाही' एवढं तरी सांगा.

प्रश्न : आमच्या क्लासच्या निकालाची बातमी लावण्यासाठी एक वार्ताहर म्हणतो आधी जाहिरात द्या. द्यावी का? (लातूर)

उत्तर : जाहिरात द्यायची असेल तर जाहिरात म्हणून द्या, त्यावर 'जाहिरात' असं छापून येईल याची खात्री करा. पण पैसे देऊन बातमीसारखी दिसणारी गोष्ट विकत घेऊ नका. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा प्रश्न इतका गाजला, महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक त्यात फार चर्चेत होती, की वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल काढला. अशा पेड न्यूजमध्ये फसवला जातो तो वाचक, आणि तुमच्या बाबतीत तो वाचक म्हणजे मुलांचे आईबाप आहेत, जे घरदार सोडून मुलाला तुमच्या भरवशावर लातूरला पाठवतात. त्या वार्ताहराला नम्रपणे सांगा की नोट संपादकीय विभागाला पाठवलीय, योग्य वाटली तर घ्या. आणि नोट लिहिताना किती मुलं बसली होती आणि त्यातली किती पास झाली हे दोन्ही आकडे द्या, नुसते पहिले दहा चेहरे नकोत.

प्रश्न : अमरावतीजवळ आम्ही बालगृह चालवतो. देणगीदारांसाठी मुलांच्या गोष्टी आणि फोटो टाकले की मदत लवकर मिळते. नावं बदलून टाकली तर चालेल ना?

उत्तर : नाही, नुसतं नाव बदलून चालणार नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल अशी कुठलीच माहिती माध्यमांतून देता येत नाही, नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही, आणि ते मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, दहा वर्षांनी ती मुलगी नोकरीला लागेल तेव्हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस तुमच्या पेजवर कुणालाही सापडता कामा नये. तो दिवस सांगायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे.

मग लिहायचं काय? कामाबद्दल लिहा. स्वयंपाकघरातल्या मावशी पहाटे किती वाजता उठतात, महिन्याला किती धान्य लागतं आणि त्यातलं किती कमी पडतं, रात्री मुलांजवळ कोण झोपतं, एक मूल नव्याने येतं तेव्हा पहिल्या आठवड्यात तुम्ही काय काय करता. मावशींचा फोटो घ्या, तोही त्यांना विचारून, कुठे टाकणार ते सांगून, लेखी संमती घेऊन. चांगला देणगीदार याने नक्की हलतो. आणि ज्याला रडणाऱ्या मुलाचा चेहराच बघायचाय त्याला तुम्ही पत्र लिहून समजावा की तो आम्ही का दाखवत नाही. ते पत्र तुमच्या संस्थेबद्दल फार चांगलं बोलेल.

प्रश्न : मुंबईत एजन्सीत आहे. इंग्रजी रिलीज (प्रेस नोट) येतं आणि अर्ध्या तासात मराठी करून मागतात. मशीनने केलेलं चालतं का?

उत्तर : अर्ध्या तासात भाषांतर करण्यापेक्षा अर्ध्या तासात नवीन नोट लिहिणं सोपं असतं, करून बघा. इंग्रजीतून फक्त तथ्यं एका कागदावर उतरवून घ्या, मूळ फाइल बंद करा आणि सांगलीच्या डेस्कवरच्या माणसाला फोनवर सांगताय अशा पद्धतीने लिहा. तो पहिल्यांदा विचारेल की आमच्या जिल्ह्यात यातलं काय होणार आहे, इंग्रजी नोटेत बऱ्याचदा ते नसतंच, क्लायंटला विचारून घ्या. मशीनचा मसुदा घेतलात तर आकडे स्वतः बदला : मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, इथे एक शून्य हललं तर क्लायंटची अब्रू जाते. आणि 'घोषित करताना अत्यंत आनंद होत आहे' हे वाक्य काढून टाका, कंपनीला झालेला आनंद ही वाचकासाठी बातमी नाही.

प्रश्न : आमचे साहेब छापून आलेल्या कात्रणांचे सेंटिमीटर मोजतात आणि जाहिरातीच्या दराने गुणून 'एवढ्या लाखांची प्रसिद्धी' म्हणून रिपोर्टला लावतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१० मध्ये बार्सिलोनात बसून मोजमापाची तत्त्वं ठरवली, त्यात स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीच्या दराने काढलेली ही रक्कम म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नाही. रक्तदान शिबिराची नोट काढली असेल तर किती लोक ती वाचून आले ते विचारून लिहा, साहेबांना तो आकडा दाखवा.

प्रश्न : पेपरात आमच्या संस्थेबद्दल चुकीची बातमी छापून आली. खुलासा कसा लिहायचा?

उत्तर : त्याच दिवशी लिहा, आणि लहान लिहा, दीडशे शब्दांच्या वर नको. संपादकांच्या नावाने, सुरुवातीला बातमीची तारीख, आवृत्ती, पान आणि मथळा. मग चुकीचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याखाली वस्तुस्थिती, आणि सोबत पुरावा, म्हणजे ठराव, पावती, ऑडिट रिपोर्ट जे असेल ते. बातमीत जे बरोबर होतं ते नाकारू नका, सगळंच खोटं म्हणायला गेलात तर तुमचा खरा मुद्दाही कुणी धरणार नाही. वार्ताहराच्या हेतूबद्दल एक शब्द नको, तो माणूस पुढच्या महिन्यातही तुमच्याच गावात बातमी करणार आहे, आणि बऱ्याचदा चूक होते ती त्याला वेळेवर कुणी माहिती न दिल्याने. शक्य असेल तर ईमेलच्या आधी त्याला फोन करा. एवढं करूनही पेपरने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी आधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं आणि दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते. म्हणून पाठवलेल्या ईमेलची प्रत आणि मूळ कात्रण तारखेसकट फाइलला लावून ठेवा.